सुरतेहून देवयानीकडे

सुरत म्हटले की बाहेरच्या मराठी माणसाला चार गोष्टी आठवतात. महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये घातलेले छापे, साड्या, हिरे आणि लोचो. सुरतेच्या आकाशाबद्दल मात्र कोणी कधी विचारत नाही. विचारण्यासारखे तिथे फारसे उरलेलेही नाही. रस्त्यांवरचे दिवे, पुलांवरची रोषणाई, मिलांची धुरकट हवा आणि पश्चिमेला हजिऱ्याच्या कारखान्यांचा उजेड, या सगळ्यात डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहूनही मला एका वेळी तीस-चाळीसपेक्षा जास्त तारे मोजता आलेले नाहीत.

तरीही गेल्या वर्षी आमच्या घरात आकाशाचा विषय निघाला, तो एका बातमीमुळे. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांची काही अब्ज वर्षांनी टक्कर होणार, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. जून २०२५ मध्ये बातमी आली की ही टक्कर होईलच असे सांगता येत नाही. माझी दहा वर्षांची लेक सुरत महानगरपालिकेच्या सिटीलाइट रोडवरच्या विज्ञान केंद्रातले तारांगण बघून आली होती. तिने विचारले, "पप्पा, ते आपल्याला अथडाशे की नाही अथडाशे?" घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि सोसायटीत गुजराती, त्यामुळे तिचे प्रश्न असेच येतात. मी म्हटले, जिच्याबद्दल विचारतेस तिला आधी बघून तर येऊ.

त्यासाठी अंधार हवा होता. सुरतेहून रात्रीच्या मुक्कामाला जाण्याजोगा जवळचा अंधार म्हणजे डांग. नोव्हेंबरात अमावास्येनंतरच्या शनिवारी आम्ही तीन कुटुंबे दोन गाड्यांतून सापुताऱ्याला निघालो. सोबत माझे बाबा होते, एक १० बाय ५० ची दुर्बीण होती आणि प्रत्येक मराठी प्रवासात असतो तसा चिवड्याचा मोठा डबा होता.

नवसारी, चिखली, वांसदा, वघई असा हा रस्ता. नवसारीपर्यंत हमरस्ता आणि ट्रक, चिखलीनंतर उसाची आणि आंब्याची हिरवळ, आणि वांसद्यानंतर हळूहळू सागाचे जंगल. वघईला चहासाठी थांबलो. बिलिमोऱ्याहून येणारी गायकवाडांच्या काळातली छोटी रेल्वे इथेच संपते, आणि इथून पुढे घाट सुरू होतो. चहाच्या टपरीवरचा माणूस डांगीत बोलत होता. बाबा अमळनेरकडचे, त्यांची घरची भाषा अहिराणी. ते सहज अहिराणीत बोलले आणि दोघांचे जमून गेले. गुजरात राज्याचा जिल्हा, पण त्या बोलीत गुजराती, मराठी आणि खानदेशी अशा मिसळलेल्या की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगता येऊ नये. बाबा गाडीत बसताना म्हणाले, "चाळीस वर्षं सुरतेत काढली, पण एवढं मोकळं कुणाशी बोललो नव्हतो."

सापुतारा सुमारे १००० मीटर उंचीवर आहे. पुढे महाराष्ट्राची हद्द लागते आणि रस्ता वणीमार्गे नाशिकला जातो. सुट्टीच्या दिवशी तलावाभोवती हॉटेलांचा झगमगाट असतो, म्हणून जेवण लवकर उरकून आम्ही गावापासून बरेच दूर, हॉटेलवाल्याच्या ओळखीच्या एका शेताच्या बांधावर गेलो. मोबाइल खिशात ठेवायचे, टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधायचा आणि वीस मिनिटे नुसते बसून राहायचे, एवढेच नियम. डोळे अंधाराला सरावले तसे मुलांचे आवाज आपोआप खाली आले.

नऊ-साडेनऊच्या सुमारास देवयानी जवळजवळ डोक्यावर आली. आपल्याकडे या भागातल्या तारकासमूहांना ययातीच्या कथेतली नावे आहेत. उत्तरेला इंग्रजी एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा, तिच्याजवळ वृषपर्वा, पूर्वेकडे ययाती आणि माथ्यावर देवयानी. कथेत शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले आणि ययातीने तिला हात देऊन वर काढले. आकाशात मात्र देवयानीची दीर्घिका शोधायला शर्मिष्ठाच मदत करते. तिच्या एममधल्या ज्या कोपऱ्याचे टोक जास्त अणकुचीदार आहे, ते टोक बाणासारखे देवयानीकडे रोखलेले असते. त्या दिशेने नजर नेली की एक धूसर ठिपका दिसतो, कुणी काचेवर बोट पुसावे तसा.

मुलांची पहिली प्रतिक्रिया अर्थातच "एवढंच?" अशी होती. मग एकेकाने दुर्बिणीतून पाहिले. ठिपक्याचा लांबट ढग झाला. या ढगातून डोळ्यांत शिरणारा उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा पृथ्वीवर आपले पूर्वज दगडाची ओबडधोबड हत्यारे करत होते. कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसू शकणारी ही सर्वांत दूरची वस्तू. इराणी खगोलज्ञ अल-सूफी याने इ. स. ९६४ च्या आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात तिची नोंद 'लहान ढग' अशी केली होती. तो ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर, हे ठरायला पुढे साडेनऊशेहून अधिक वर्षे गेली. १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून त्यात एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा शोधला, त्यावरून अंतर काढता आले आणि ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले.

ती आपल्याकडे येते आहे हे मात्र त्याआधीच कळले होते. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरने तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या दिसल्या. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढ्या सुरात ऐकू येतो, तोच हा प्रकार. आकाशगंगेच्या हिशेबाने देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येते आहे. म्हणजे तासाला जवळजवळ ४ लाख किलोमीटर, पृथ्वीपासून चंद्रापेक्षाही थोडे जास्त. आम्ही बांधावर दोन तास बसलो, तेवढ्यात ती तितकी दोनदा पुढे सरकली होती.

बाबा शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "मंग आपलं काय व्हई?"

या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्याच मापात द्यायचे मी ठरवले. समजा आपला सूर्य म्हणजे एक सेंटचा, जेमतेम दीड मिलिमीटरचा हिरा आहे, वराछ्याच्या कारखान्यांत पुडीत शेकड्यांनी असतात तसा. त्या मापात पृथ्वी त्या हिऱ्यापासून फक्त वीतभर अंतरावर असेल, पण सूर्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा, म्हणजे दुसरा हिरा, सुमारे ४० किलोमीटरवर. एक हिरा सुरतेत आणि दुसरा नवसारीपाशी, मध्ये काहीच नाही. आता असे हिरे विखुरलेले दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, तर किती हिरे आदळतील? जवळपास एकही नाही. दीर्घिकांची टक्कर झाली तरी तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत. आपल्या सूर्यावर दुसरा तारा आदळण्याची शक्यता नगण्य आहे.

मग याला टक्कर का म्हणतात? कारण तारे एकमेकांपासून लांब असले तरी दीर्घिका आपल्या आकाराच्या मानाने जवळजवळ असतात. आकाशगंगेला एक फूट रुंदीची थाळी मानले, तर देवयानी ही तिच्याहून मोठी थाळी सुमारे २५ फुटांवर असेल, मंडळाच्या हॉलमध्ये एका भिंतीशी एक आणि समोरच्या भिंतीशी दुसरी. त्या एकमेकींना सतत ओढत असतात. जवळ आल्या की ही ओढ थाळीच्या अलीकडच्या काठाला जास्त आणि पलीकडच्या काठाला कमी लागते, त्यामुळे थाळ्या ताणल्या जातात आणि ताऱ्यांच्या लांबलचक शेपट्या बाहेर फेकल्या जातात. ताऱ्यांमधले वायूचे ढग मात्र खरोखर एकमेकांवर आदळतात, दाबले जातात, आणि त्यातून नवे तारे झपाट्याने जन्मतात. दोघी एकदा आरपार जातात, वेग मंदावतो, पुन्हा मागे वळतात, पुन्हा जातात. असे एक-दोन अब्ज वर्षे चालल्यावर चपट्या थाळ्या जाऊन ताऱ्यांचा एकच मोठा लंबगोल उरतो. मध्यभागी असलेली दोन प्रचंड कृष्णविवरे, आपले सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे आणि तिचे त्याहून कितीतरी मोठे, शेवटी एक होतात.

आणि पृथ्वी? तिला या कशाचीही वाट बघायला लागणार नाही. सूर्य हळूहळू जास्त तेजस्वी होत चालला आहे. सुमारे एक अब्ज वर्षांनी इथले समुद्र टिकणार नाहीत आणि सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्य स्वतःच फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे घर आधीच जाईल, मग शेजारी येईल." इतके नेमके मला सांगता आले नसते.

आता २०२५ च्या बातमीकडे येतो. यात मला सॉफ्टवेअरवाला म्हणून जास्त रस होता. एखादी वस्तू आपल्याकडे किती वेगाने येते हे वर्णपटावरून अचूक कळते. पण ती बाजूला किती सरकते हे कळायला तिची जागा वर्षानुवर्षे मोजावी लागते, आणि २५ लाख प्रकाशवर्षांवरची वस्तू डोळ्यादेखत किती सरकणार! २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या अनेक वर्षांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी ही बाजूची गती मोजली. ती फार थोडी निघाली, म्हणून निष्कर्ष आला की सुमारे ४ अब्ज वर्षांनी जवळजवळ समोरासमोर टक्कर होणार. तेच आपण पाठ केले.

हेलसिंकी विद्यापीठाच्या टिल सावाला आणि सहकाऱ्यांनी नंतर वेगळा प्रश्न विचारला. प्रत्येक मोजमापात थोडी अनिश्चितता असते, मग उत्तर एकच कसे येईल? त्यांनी हबल आणि युरोपच्या गाया यानाचे ताजे आकडे घेतले, प्रत्येक आकडा त्याच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत थोडा इकडे-तिकडे हलवला आणि तेच गणित सुमारे एक लाख वेळा चालवले. शिवाय दोन लहान शेजाऱ्यांची ओढ हिशेबात धरली, मोठा मॅजेलनचा मेघ आणि त्रिकोण दीर्घिका. त्रिकोण दीर्घिकेमुळे टक्करीची शक्यता वाढते, तर मॅजेलनच्या मेघाने आपल्या आकाशगंगेला दिलेल्या ओढीमुळे ती कमी होते. सगळे मिळून, पुढच्या १० अब्ज वर्षांत दोघी एक होण्याची शक्यता साधारण निम्मी निघाली, आणि ४ ते ५ अब्ज वर्षांत थेट टक्कर होण्याची शक्यता फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या निम्म्या वेळा त्या एकमेकींना लांबून ओलांडून जातात.

यात जुने शास्त्रज्ञ चुकले असे म्हणता येत नाही. त्यांच्या हाती होते त्या आकड्यांतून सर्वांत संभाव्य उत्तर तेच येत होते. नव्या अभ्यासाने त्या उत्तराभोवतीची शंका मोजून दाखवली. आमच्या कामातही एकदा चालवलेल्या टेस्टवर विसंबून राहिले की पुढे त्रास होतो. थोडे वेगळे इनपुट देऊन हजार वेळा चालवले की मगच कळते, आपल्याला खरोखर किती माहीत आहे. मुलांना हे मी असे सांगितले: "होईल किंवा होणार नाही, नक्की माहीत नाही" हेही विज्ञानाचे उत्तर असते, फक्त ते आकड्यासकट द्यावे लागते.

गंमत अशी की जिच्याबद्दल खात्री नाही ती देवयानी आपल्या डोक्यावर दिसते, आणि ज्याच्याशी मिलन जवळजवळ नक्की आहे तो मॅजेलनचा मेघ सुरतेहून क्षितिजाच्या वर येतच नाही. हिवाळ्यात कन्याकुमारीला गेलात तर समुद्रावर खाली शोधता येतो. तो सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि साधारण २ अब्ज वर्षांत आकाशगंगेत मिसळून जाईल, असे आजचे अंदाज आहेत.

असे मिसळणे आपल्या आकाशगंगेला नवे नाही. १९९४ मध्ये धनू राशीच्या दिशेला एक छोटी दीर्घिका सापडली. आकाशगंगा तिला आत्ता या क्षणी विरघळवते आहे आणि तिच्या ताऱ्यांचा पट्टा आपल्याभोवती वेढा घालून पसरला आहे. २०१८ मध्ये गाया यानाच्या नोंदींतून त्याहून जुनी गोष्ट उघड झाली. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आपल्यात मिसळून गेली होती. तिला आता गाया-एन्सेलाडस म्हणतात. तिचा आकार, तिचे केंद्र, तिची हद्द, काहीही शिल्लक नाही. तरी तिचे तारे ओळखू आले ते दोन खुणांवरून: त्यांच्या चालीवरून, कारण ते इतरांसारखे गोल न फिरता लांबट कक्षांतून ये-जा करतात, आणि त्यांच्या अंगातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून, कारण ते जिथे जन्मले तिथली माती वेगळी होती.

हे सांगत असताना मला सापुताऱ्याचा बांध कमी आणि सुरतेचे लिंबायत, उधना, डिंडोली जास्त दिसत होते. मराठी माणूस आणि सुरत म्हटले की आपण दोन छाप्यांच्या गोष्टी सांगतो. ते थोड्या दिवसांचे प्रसंग होते. खरे मिसळणे नंतर झाले, सुरत-भुसावळ रेल्वेने, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगावहून एकेक डबा भरून आलेल्या माणसांनी. बाबा त्यातलेच एक, १९८० च्या दशकात लूमवर कामाला आलेले. त्याच शहरात सौराष्ट्रातून हिऱ्यांवर आले, ओडिशातल्या गंजामहून लूमवर आले, आंध्र-तेलंगणातून आले. म्हणून महानगरपालिकेच्या शाळा आजही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांत भरतात. कोणी कोणावर आदळले नाही, पण शहराचा आकार मात्र पार बदलला.

बाबांना जी काळजी वाटते ती आपल्यातल्या बऱ्याच घरांत असते. नात मराठी वाचते, पण अडखळत. अहिराणी तिला समजते, बोलता येत नाही. तिच्या मुलांना तीही समजणार नाही. पूर्ण मिसळून गेल्यावर आपले काय उरते? दीर्घिकांवरून माणसांचे भविष्य सांगता येत नाही, हे मला कळते. ताऱ्याला आपली चाल टिकवण्यासाठी काही करावे लागत नाही, आपल्याला करावे लागते. भाषा बोलली नाही तर ती दहा अब्ज काय, तीस वर्षेही टिकत नाही. पण एक गोष्ट मला तिथे पटली. मिसळणे म्हणजे पुसले जाणे असे आपण धरून चालतो, ते तसे असतेच असे नाही. वघईच्या टपरीवर मिसळलेल्या बोलीतच बाबांना आपली भाषा भेटली होती.

परतताना गाडीत लेकीने बाबांकडून आकाशाशी संबंधित अहिराणी शब्द विचारून घ्यायला सुरुवात केली. चिखलीपर्यंत वहीचे दीड पान भरले होते. त्यातले काही शब्द मीही पहिल्यांदाच ऐकले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. देवयानी बघायला ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला, नोव्हेंबर सर्वांत उत्तम. तारीख अमावास्येच्या आसपासची निवडा. सुरतेहून सापुतारा साधारण चार तास, घाटात अंधार पडायच्या आत पोहोचा. दुर्बीण साधी असली तरी चालते, मोठ्या टेलिस्कोपची गरज नाही. उलट, देवयानीचा ढग चंद्राच्या कितीतरी पट लांब असल्याने साध्या दुर्बिणीतच तो नीट मावतो. जंगलाच्या आत जाऊ नका, शेताच्या मालकाला विचारून बसा. थंडी वाजते, आजी-आजोबांसाठी शाल आणि खुर्ची न्या. फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याकडे जाणे झाले तर नारायणगावजवळ खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास भरणारे प्रदर्शन मुलांना दाखवा. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी टिपतात, आणि टक्कर होत असलेल्या दीर्घिकांमधून वायू कसा ओढला जातो हे अशाच लहरींवरून कळते.

आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका. अंधारात मोबाइल बंद असताना त्यांना जे आठवते, ते दिवाणखान्यात आठवत नाही.